बर्मा टीक, म्हणे!

जुन्या वस्तू विकणाऱ्यांची एक गंमत असते. त्यांच्याकडची प्रत्येक लाकडी वस्तू 'बर्मा टीक'चीच असते. पेटारा बर्मा टीकचा, झोपाळा बर्मा टीकचा, होकायंत्राची डबी बर्मा टीकची आणि पितळी दुर्बिणीची तिपाई तर विचारूच नका! (जहाजावरच्या सेक्स्टंटच्या आणि घड्याळांच्या जुन्या पेट्या बहुतेक महोगनीच्या असत. पण हे बोलून दाखवलं की दुकानदार 'मॅडम, घ्यायचंय की नाही?' अशा नजरेनं बघतो.) मी मूळची चंद्रपूरची. नागपूरकरासमोर परगावच्या संत्र्यांचं कौतुक केल्यावर त्याचं जे होतं, तेच माझं बर्मा टीक ऐकल्यावर होतं. आमच्या आलापल्लीच्या जंगलातला साग बघितलेल्या माणसाला ब्रह्मदेशाचं कौतुक कशाला सांगता?

पण हा नुसता जिल्ह्याचा अभिमान नव्हे. माझी तक्रार जरा वेगळी आहे. जुन्या यंत्रांवर, कॅमेऱ्यांवर, जहाजांवर सगळ्यांची नावं असतात. बनवणाऱ्या कंपनीचं, शहराचं, भिंग घासणाऱ्याचं, कप्तानाचं, कधीकधी विकणाऱ्या दुकानाचंसुद्धा. नाव नसतं ते फक्त ज्या जंगलातून लाकूड आलं त्याचं. ते लिहायला हवं असं माझं मत आहे, आणि ते 'बिचारं जंगल' वगैरे हळवेपणातून आलेलं नाही. का ते सांगते.

आधी साग एवढा सगळीकडे का, ते बघू. आपल्याकडे साग म्हणजे दारं, खिडक्या, फार तर दिवाणखान्यातला सोफा. पण गेल्या तीनशे वर्षांत जिथे जिथे ऊन, पाणी, वाळवी आणि लोखंड यांना एकाच वेळी तोंड द्यायचं होतं, तिथे लोकांनी साग शोधला. या लाकडात अंगचं तेल असतं, त्यामुळे वाळवी आणि बुरशी सहसा फिरकत नाही. एकदा नीट वाळला की पावसाळ्यात फार फुगत नाही आणि उन्हाळ्यात फार आकसत नाही. आणि मुख्य म्हणजे लोखंडाशी त्याचं पटतं. इंग्रजांचा लाडका ओक आपल्या आम्लाने खिळे गंजवतो, साग उलट त्यांना सांभाळतो. १८६० मध्ये पाण्यात उतरलेल्या 'एचएमएस वॉरियर' या चिलखती युद्धनौकेच्या साडेचार इंच जाड लोखंडी पत्र्यामागे तब्बल अठरा इंच साग आहे. बघणाऱ्याला दिसतं ते लोखंड. तोफगोळ्याचा धक्का सोसायला मागे उभा असतो तो साग!

जहाजांचा विषय निघालाच आहे तर मुंबईचं नाव घ्यायलाच हवं. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईला आले आणि पुढे त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गोदीत सागाची जहाजं बांधली. ज्या 'कॉर्नवॉलिस'वर १८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला आणि हाँगकाँग इंग्रजांच्या हाती गेलं, ते मुंबईचंच, १८१३ सालचं. आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरलेलं 'ट्रिंकोमाली' तर आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या गोदीत तरंगतं आहे. त्याची एक मजेदार गोष्ट आहे. मुंबईला पाठवलेले त्याचे नकाशे ज्या जहाजावर होते, ते 'जावा' १८१२ च्या डिसेंबरात अमेरिकनांनी लढाईत संपवलं, त्यामुळे नकाशे पुन्हा पाठवावे लागले. जहाज बांधलं जमशेदजी बोमनजी वाडियांनी. आमचा एक भाचा तिकडे जवळपास नोकरीला आहे, त्याने गेल्या वर्षी फोटो पाठवले. दोनशे वर्षांपूर्वीच्या मुंबईच्या सुतारांचं काम बघून उर भरून येतो, खोटं कशाला बोलू!

या जहाजाच्या लाकडाबद्दल सगळीकडे 'मलबारी साग' एवढे दोन शब्द सापडतात. आता मलबार म्हणजे काही एक वाडी नव्हे. आणि त्या दोन शब्दांच्या मागे जे आहे ते भाच्याने पाठवलेल्या एकाही फोटोत दिसत नाही. मुंबईच्या गोदीला साग कमी पडू लागला म्हणून कंपनी सरकारने १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन नावाच्या अधिकाऱ्याला मलबारात वनसंरक्षक नेमलं. १८०७ मध्ये सागावर सरकारचा हक्क जाहीर झाला. ज्यांच्या जमिनीत झाडं होती त्यांना ती तोडायची चोरी, आणि वर्षानुवर्षं लाकडाचा धंदा करणारे व्यापारी घरी बसले. लोकांची ओरड इतकी वाढली की मद्रासचे गव्हर्नर थॉमस मन्रो यांनी १८२३ मध्ये ती सगळी व्यवस्था मोडीत काढली. आता ट्रिंकोमालीचं साल पुन्हा बघा. १८१७. बरोब्बर मधलं! म्हणजे जहाज बांधलं मुंबईने, चालवलं इंग्लंडने, जपलं हार्टलपूलने, आणि ज्यांच्या परसातून ते लाकूड आलं त्यांच्या वाट्याला दोन शब्द.

कॅमेऱ्यांचं तर याहून भारी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंड-जर्मनीतल्या कंपन्या 'ट्रॉपिकल' नावाचे कॅमेरे बनवत. नेहमीचा कॅमेरा म्हणजे हलक्या लाकडाची पेटी आणि वर चिकटवलेलं काळं कातडं. तो हिंदुस्थानात किंवा आफ्रिकेत आणला की पहिल्या पावसाळ्यातच सरस सुटायचा, कातड्याला बुरशी यायची आणि उरलेलं झुरळं फस्त करायची. म्हणून मग ही खास आवृत्ती. उघडा पॉलिश केलेला साग, सांध्यांवर पितळी पट्ट्या, आणि लालसर चामड्याचा भाता. मॅरियन कंपनीचा 'सोहो ट्रॉपिकल रिफ्लेक्स' हा त्यातला सर्वात देखणा समजतात. सँडरसनचे होते, जर्मनीच्या कॉन्टेसा-नेटेलचे होते. आज संग्राहक त्यांच्यासाठी वेडे होतात. त्यांच्या याद्यांमध्ये भिंगाचा नंबर, शटरचा वेग, पितळेवरचे ओरखडे, सगळं असतं. लाकडापुढे मात्र एकच शब्द, 'टीक'.

आता या शब्दाचीच मौज बघा. 'टीक' आलं पोर्तुगीज 'तेका'वरून आणि ते मल्याळम 'तेक्कु'वरून. सिरोंच्याकडे तेलुगू बोलणारे आजही 'टेकु' म्हणतात आणि गोंडीतला शब्दही त्याच घराण्यातला. म्हणजे लंडनच्या लिलावात उच्चारला जाणारा शब्द आपल्या 'सागा'पेक्षा सिरोंच्याच्या बाजारातल्या शब्दाला जवळचा आहे! नाव त्यांनी इथून उचललं. पत्ता तेवढा विसरले.

'पण आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीचा या जहाजा-बिहाजांशी काय संबंध?' असं आमच्या मुलीने विचारलंच. संबंध आहे, आणि तो नदीतून जातो. गडचिरोली जिल्हा झाला १९८२ मध्ये, त्याआधी ते सगळं चांदाच. आणि त्याच्याही आधी, १८६० ते १८७४ या काळात, सिरोंचा हे 'अप्पर गोदावरी' नावाच्या वेगळ्या जिल्ह्याचं ठाणं होतं. तिकडचा साग रस्त्याने नागपूरकडे येण्याऐवजी तराफे बांधून प्राणहितेतून गोदावरीत आणि गोदावरीतून थेट राजमहेंद्रीकडे जायचा. गोदावरीच्या मुखाशी कोरिंगा नावाचं बंदर होतं, तिथे लाकडी जहाजं बांधली आणि दुरुस्त केली जात. त्या जहाजांना लागणारं लाकूड गोदावरीच्या खोऱ्यातलंच. इंग्रजांनी तर गोदावरीतून आगबोटी वरपर्यंत आणायचा घाट घातला होता. खडकांच्या अडथळ्यांपुढे हात टेकून १८७१ मध्ये तो नाद सोडला. आपण शाळेत मुंबईची गोदी शिकलो, कोरिंगाचं नावसुद्धा कधी ऐकलं नाही. असो.

आणि विज्ञानाच्या उपकरणांचं म्हणाल तर सगळ्यात साधं उपकरण चंद्रपूरच्याच लोकांच्या रोजच्या बोलण्यात आहे, फक्त ते कुणाला दिसत नाही. एप्रिल-मे आला की टीव्हीवर सुरू होतं, चंद्रपूर इतकं, ब्रह्मपुरी तितकं. नातेवाइकांचे फोन येतात, 'कसे राहता गं तुम्ही लोक?' तो आकडा येतो कुठून? हवामान खात्याच्या अंगणात चार पायांवर उभी असलेली एक पांढरी पेटी असते, तिला चारही बाजूंनी तिरप्या पट्ट्यांच्या झडपा असतात, आत तापमापक. हिला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात. ही पेटी काढली थॉमस स्टीव्हन्सन या दीपगृहं बांधणाऱ्या स्कॉटिश इंजिनिअरने. 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या स्टीव्हन्सनचे हे वडील! दार उत्तरेला, म्हणजे उघडल्यावर ऊन आत येऊ नये. आपल्या हवामान खात्याच्या या पेट्या परंपरेने सागवानी. कारण उघडंच आहे. ४६-४७ अंशांत भाजून निघायचं, लगेच पुढच्या महिन्यात मृगाच्या पावसात भिजायचं आणि तरी वाकडं व्हायचं नाही, दार अडकता कामा नये, पट्टी पिळवटता कामा नये. आता स्वयंचलित केंद्रं आली, तिथे प्लास्टिकच्या थाळ्या एकावर एक रचलेल्या दिसतात. पण गेल्या शंभर वर्षांचे आपल्या उन्हाळ्याचे जे आकडे वहीत आहेत, ते बव्हंशी अशा लाकडी पेटीच्या सावलीत घेतलेले. म्हणून कुणी 'रस्त्यावर तर पन्नास होतं!' म्हणाला की मी सांगते, असेल बाबा, पण तू झडपांच्या पेटीत उभा नव्हतास.

आता मूळ मुद्दा. लाकडाचा पत्ता खरंच कळत नाही का? तर कळतो. निदान एका टप्प्यापर्यंत तरी अगदी चोख कळतो. आमचे एक मामा लाकडाच्या डेपोत कारकून होते. लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही पोरं तिथे जायचो, ओंडक्यांच्या रांगांमध्ये लपाछपी खेळायला. प्रत्येक ओंडक्याच्या तोंडावर रंगाने लिहिलेला नंबर, लांबी, घेर, आणि हातोड्याने ठोकलेला शिक्का. मामांच्या वहीत तो नंबर बघितला की कोणत्या रेंजमधला, कोणत्या कुपातला, सगळं लागायचं. सोबत वाहतूक परवाना, ज्याला सगळे 'टीपी' म्हणतात. टीपीशिवाय नाक्यावरून काडी हलत नाही. मामा म्हणायचे, "आपल्या माणसापाशी नसतील एवढे कागद या लाकडापाशी असतात गं बाई!"

मग हे कागद जातात कुठे? आरा मशीनपाशी संपतात. पहिल्याच कापात ओंडक्याचं तोंड, नंबरासकट, बाजूला पडतं आणि जळणात जातं. पुढे नुसत्या फळ्या, आणि फळ्यांना बाजारात एकच नाव, 'सीपी टीक'. सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस. तो प्रांत १९५० मध्ये नकाशावरून गेला, वखारीत मात्र अजून नांदतो आहे! नवीन संसद भवन झालं २०२३ मध्ये. कोणत्या वस्तू देशाच्या कोणत्या भागातून आल्या याची यादी तेव्हा सरकारने कौतुकाने दिली होती. त्यात सागापुढे लिहिलं होतं 'नागपूर'. नागपूर जिल्ह्यात साग नाही असं माझं म्हणणं नाही, पण आमच्याकडचं सगळंच बाहेर जाताना नागपूर होऊन जातं हा चांद्याच्या माणसाचा जुना अनुभव आहे. त्याच वर्षी मार्च महिन्यात अयोध्येच्या राममंदिरासाठी साग निघाला तेव्हा मात्र बल्लारपुरात मिरवणूक निघाली, पूजा झाली, आणि चंद्रपूर-गडचिरोलीचं नाव देशभर छापून आलं. म्हणजे मनात आणलं तर पत्ता लिहिता येतो.

आणि पत्ता लिहिण्याने फरक काय पडतो, याचं उत्तरही आमच्याच जिल्ह्यात आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) तुम्हाला माहीत असेल. या गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण हक्क मिळूनही बांबू विकायला टीपी लागायचीच आणि ती द्यायची की नाही हे खात्याच्या हातात. बराच झगडा झाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले, टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. त्या दिवसापासून मेंढ्याचा बांबू मेंढ्याचा म्हणून बाहेर पडायला लागला. एका कागदावर कुणाचं नाव, एवढीच ती गोष्ट, पण गावाच्या हिशेबात तिने केवढा फरक केला! मात्र कायद्यातल्या 'गौण वनोपजा'त बांबू येतो, तेंदूपान येतं, मोह येतो. इमारती लाकूड येत नाही. म्हणजे त्याच जंगलात, त्याच बांबूच्या बेटाशेजारी उभ्या असलेल्या सागावर गावाचं नाव लागत नाही.

ही विभागणी इंग्रजांचीच आहे असंही नाही हं. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'तला आरमाराचा भाग आपल्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेत वाचलेला असतो. आंब्या-फणसाला हात लावू नका, रयतेने ती झाडं पोरांसारखी वाढवली आहेत, अगदी जीर्ण झाड असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन तोडा. हे आपण फार अभिमानाने सांगतो, आणि सांगावंच. पण त्याच परिच्छेदात वर सागाचाही उल्लेख आहे. राज्याच्या अरण्यातला साग हुजुरांच्या परवानगीने तोडावा. म्हणजे आंब्याला रयत होती, सागाला फक्त हुजूर! आणि त्या अरण्यात राहणाऱ्यांची परवानगी कुणी घ्यायची, हे तेव्हाही कुणाच्या मनात आलं नाही. आलापल्लीच्या पुढे कमलापूरला सरकारी हत्ती आहेत, मुळात ओंडके ओढायला आणलेले. आज त्या हत्तींची नावं पर्यटकांना पाठ असतात. कुऱ्हाड चालवणाऱ्या माडिया माणसांची नावं कोणत्या पाटीवर आहेत?

कुणी म्हणेल, जुन्या वस्तूंचं काय करणार, कागद तर जळणात गेले. पण सागाची एक खोड आहे, तो स्वतःची वही स्वतः ठेवतो. उष्ण प्रदेशातल्या बहुतेक झाडांना स्पष्ट वर्षवलयं नसतात, सागाला असतात, कारण उन्हाळ्यात तो पानं गाळून गप्प उभा राहतो आणि पावसाबरोबर पुन्हा वाढायला लागतो. चांगल्या पावसाच्या वर्षी कडं रुंद, दुष्काळात बारीक. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी मध्य भारतातल्या सागांच्या, त्यात आमच्या आलापल्लीच्याही, वलयांवरून जुन्या पावसाचा माग काढला आहे. म्हणजे तापमापकाची पेटी ज्या लाकडाची, ते लाकूडच मुळात पर्जन्यमापक! युरोपात जुन्या जहाजांच्या आणि चित्रांमागच्या ओकच्या फळ्यांची कडी मोजून त्या कोणत्या प्रदेशातल्या, कोणत्या सालच्या हे ठरवतात. सागाच्या बाबतीतही वेगवेगळ्या जंगलांच्या अशा वह्या भरपूर जमल्या तर ते होऊ शकेल. त्यासाठी जुनी झाडं उभी हवीत. आलापल्लीजवळ 'वनवैभव' म्हणून सहा हेक्टरांचा तुकडा तसाच राखून ठेवला आहे, २०१४ मध्ये तो जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. सहा हेक्टर म्हणजे पंधरा एकर. आमच्याकडे एखाद्या बऱ्यापैकी शेतकऱ्याचं वावर तेवढं असतं.

तेव्हा संग्रहालयवाल्यांनी निदान सुरुवात तरी करावी. कॅमेऱ्याखालच्या पाटीवर भिंगाच्या नंबरासोबत लाकडाचीही एक ओळ हवी. कोणता साग, कुठला, आणि त्या वर्षी त्या जंगलावर हक्क कुणाचा होता. ट्रिंकोमालीपुढे '१८०६ ते १८२३ ची सरकारी मक्तेदारी' एवढं लिहिलं तरी मला चालेल. आणि आपल्याकडच्या डेपोंनी कुपाचा नंबर आरा मशीनच्या पुढे, पावतीवर, गिऱ्हाइकाच्या हातापर्यंत जाऊ द्यावा. संत्र्याच्या पेटीवर गाव असतं, हापूसच्या पेटीवर तर झाडाचा मालकही असतो. मग ऐंशी वर्षं उभ्या राहिलेल्या झाडाने काय घोडं मारलंय?

मामांना फोनवर हे सगळं वाचून दाखवलं. आता पंच्याऐंशीचे आहेत, पण डेपोतला कारकून काही जात नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्या पाटीवर घेर लिहा म्हणावं. घेराबिगर नोंद पुरी होत नाही."